वाचकांचे प्रश्न : हात उठण्याआधी

पुरुषांनी आपल्या मनाविषयी, रागाविषयी आणि घरातल्या वागण्याविषयी मोकळेपणाने लिहावे, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तर देत आहे. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. दोन पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय ३९ आहे. लग्नाला अकरा वर्षे झाली असून दोन मुले आहेत. गेल्या वर्षभरात मी पत्नीवर दोनदा हात उगारला आणि दुसऱ्या वेळी तो तिला लागला. तेव्हा मुलगी दारात उभी होती. मी स्वभावाने वाईट माणूस नाही, पण एकदा डोके फिरले की स्वतःवर ताबा राहत नाही. नंतर इतकी शरम वाटते की तिच्या नजरेला नजर देता येत नाही. लहानपणी मीही वडिलांचा मार खाल्ला आहे. यातून बाहेर कसे पडू?

उत्तर : हे कागदावर उतरवणे तुम्हाला जड गेले असणार, आणि तरीही तुम्ही ते उतरवलेत हे फार बरे केलेत. मात्र उत्तराची सुरुवात तुमच्याच एका वाक्यापासून करावी लागेल. ‘स्वतःवर ताबा राहत नाही’ असे तुम्ही लिहिता. कामाच्या ठिकाणी वरिष्ठ चारचौघांत घालूनपाडून बोलतात, तेव्हाही तुमचे डोके फिरत असेल. तेथे हात उठतो का? उठत नसेल, तर ताबा तुमच्याजवळ आहे, आणि तो कोठे सोडायचा हे मन आधीच ठरवून मोकळे झालेले आहे. घरात हात उगारला तर फारसे काही बिघडणार नाही, हे कोठेतरी गृहीत धरलेले असते. हे वाचून वाईट वाटेल, पण तुमच्या सुटकेची वाट येथूनच जाते, कारण जी गोष्ट आपोआप घडत नाही ती बदलता येते.

आता रागाविषयी. दुसऱ्या वेळचा प्रसंग सावकाश आठवून पाहा. हात उठण्याच्या पाच मिनिटे आधी काय वाटत होते? माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना हा प्रश्न विचारला, तेव्हा ते बराच वेळ ‘राग, दुसरे काय’ एवढेच म्हणत राहिले. चौथ्या भेटीत त्यांना शब्द सापडला : फजिती. घरखर्चाचा हिशेब पत्नीने विचारला होता आणि उत्तर देता येत नव्हते. त्या फजितीचे रागात रूपांतर व्हायला जेमतेम काही सेकंद लागले होते. मुलगा म्हणून वाढताना भीती, दुःख, मत्सर, एकटेपणा यांपैकी काहीही बोलून दाखवले तर हसे होते, आणि रागावले तर मात्र ‘पोरगा तापट आहे’ असे जवळजवळ कौतुकाने म्हटले जाते. मग सगळ्या भावना त्या एकाच दाराने बाहेर पडू लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड लेव्हंट यांनी १९९०च्या दशकात नेमके हेच मांडले : अनेक पुरुषांना स्वतःच्या भावनांसाठी शब्द सापडत नाहीत, आणि हा त्यांचा आजार नसून त्यांना लावलेले वळण आहे. भावनेला नेमके नाव दिल्यावर मेंदूतील धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल मंदावते, असे मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ मधील प्रयोगात मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले होते. ‘मला राग आला आहे’ याऐवजी ‘मला अपमान झाल्यासारखे वाटते आहे’ असे मनात म्हणता येणे, ही म्हणूनच शिकण्याजोगी आणि सरावाने जमणारी गोष्ट आहे.

सराव होईपर्यंत उपाय हवा, तो असा. शरीर आधी सूचना देते : कानाच्या पाळ्या गरम होतात, जबडा आवळला जातो, आवाज चढतो, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो, समोरच्याचे बोलणे ऐकू येईनासे होते. तुमच्या बाबतीत यातले पहिले लक्षण कोणते, ते लिहून ठेवा. ते दिसताच ‘मला थांबायला हवे, तासाभराने परत येतो’ एवढे सांगून बाजूला व्हायचे. या वाक्याची कल्पना पत्नीला आधीच, शांत वेळी दिलेली असली पाहिजे. जाताना दार आपटायचे नाही, शेवटचा टोमणा मारायचा नाही, दारू प्यायची नाही, वाहन चालवायचे नाही. रागाच्या भरात धावणे किंवा उशीवर ठोसे मारणेही टाळा. राग ‘बाहेर काढला’ की निवतो, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. प्रत्यक्षात ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात, ज्याने राग आणला त्याचा विचार करत पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला, आणि काहीही न करता नुसते बसून राहिलेले लोक त्यांच्यापेक्षा शांत होते. तेव्हा हळू चाला, श्वास लांबवा, आणि मनातल्या मनात भांडण पुढे चालू ठेवू नका. सांगितलेल्या वेळी परत या. परत आलाच नाहीत, तर हे थांबणे म्हणजे अबोल्याची आणखी एक शिक्षा ठरते. परत आल्यावर तिला त्याच विषयावर बोलायचे नसेल, तर तो तिचा अधिकार आहे.

हा सगळा तात्पुरता बांध आहे. पुढचे काम एकट्याने होण्यासारखे नाही. हिंसा केलेल्या पुरुषांसाठी गटाने चालवले जाणारे कार्यक्रम अनेक देशांत आहेत. त्यांतील सर्वांत परिचित पद्धत १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ या शहरात आकाराला आली, आणि तिने राग सोडून सत्ता व नियंत्रण यांकडे लक्ष वेधले. अशा गटांचे परिणाम सगळीकडे सारखे आलेले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही हिंसेच्या प्रश्नावर काम केलेला समुपदेशक किंवा असा गट शोधा, आणि पहिल्या भेटीत ‘मी पत्नीला मारले’ हे वाक्य न गुळगुळीत करता उच्चारा.

वडिलांच्या माराबद्दल : त्या मुलाचे जे झाले ते वाईटच झाले, आणि त्याविषयी कोणाशी तरी बोलणे तुम्हाला आवश्यक आहे. पण लहानपणी मार खाल्लेली बहुतेक मुले मोठेपणी कोणाला मारत नाहीत. जखमेवरून तुमचा राग समजतो. त्याने हात माफ होत नाही.

शेवटी मुलीविषयी. ती दारात उभी होती, हे तुम्ही आवर्जून लिहिले आहे, म्हणजे ते तुमच्या मनातून जात नाही. तिच्याशी बोला. खाली बसून, तिच्या उंचीला येऊन एवढेच सांगा : ‘मी आईला मारले. ते चूक होते. त्यात आईची चूक नव्हती आणि तुझीही नव्हती. असे होऊ नये म्हणून मी मदत घेतो आहे.’ घरात मारामारी पाहिलेली मुले पुष्कळदा दोष स्वतःकडे घेतात, म्हणून तिसरे वाक्य गाळू नका. आणि तुमची शरम पत्नीने पुसावी अशी अपेक्षा ठेवू नका. तिला काही काळ वेगळे राहावेसे वाटले तर तो निर्णय वाद न घालता मान्य करा.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला नैराश्य असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असून गोळ्या सुरू आहेत. तो माझा फोन तपासतो, कोणाशी काय बोलले याची चौकशी करतो, चिडला की वस्तू फेकतो. गेल्या महिन्यात त्याने माझा गळा धरला होता. ‘आजारी माणसाला समजून घे, आपण दोघे मिळून समुपदेशनाला जाऊ’ असे तो म्हणतो. जावे का?

उत्तर : ताई, दोघांनी मिळून सध्या जाऊ नये. जिथे एका माणसाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे एकाच खोलीत बसून खरे बोलता येत नाही, आणि बोललेच तर त्याचा हिशेब घरी गेल्यावर होतो. तो स्वतंत्रपणे जाऊ दे. तुम्ही स्वतंत्रपणे जा.

तुमच्या पत्रातील गळ्याचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला आहे, पण माझ्या दृष्टीने ती सर्वांत गंभीर ओळ आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की ज्या स्त्रियांचा गळा जोडीदाराने पूर्वी आवळला होता, त्यांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सात पटींनी अधिक होता. खुणा दिसत नसल्या तरी गळ्याच्या आत इजा झालेली असू शकते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, चक्कर येणे, घटनेच्या वेळी शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले असेल तर डॉक्टरांकडे जा आणि काय घडले ते स्पष्ट सांगा.

आता आजाराविषयी. नैराश्य खरे असते, त्याचे दुःख खरे असते, आणि त्यावर उपचार व्हायलाच हवेत. ऑस्ट्रेलियात हजारो पुरुषांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या ‘टेन टू मेन’ या अभ्यासात, नैराश्याची मध्यम किंवा तीव्र लक्षणे असलेल्या पुरुषांकडून जोडीदारावर हिंसा होण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसले आहे. म्हणून पुरुषांच्या मनाची काळजी घेणे हा हिंसा रोखण्याचाही मार्ग आहे, असे मी मानते. परंतु नैराश्य असलेले असंख्य पुरुष कोणावर हात उगारत नाहीत, आणि फोन तपासणे हे नैराश्याचे लक्षण नव्हे. गोळ्यांनी त्याची झोप सुधारेल, उदासी कमी होईल. तुमच्यावर नजर ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे, ही त्याची समजूत गोळ्यांनी जाणार नाही. त्यासाठी वेगळे काम लागते आणि ते त्याने करायचे आहे.

समजून घेण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकली जात आहे, ती घेऊ नका. घर सोडण्याचा विचार असेल तर तो त्याला आधी सांगू नका, कारण नाते तुटण्याचा आणि वेगळे होण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. स्त्रियांना मदत करणाऱ्या एखाद्या संस्थेशी किंवा हेल्पलाइनशी, तो तपासत नाही अशा फोनवरून बोला. महत्त्वाची कागदपत्रे आणि थोडे पैसे घराबाहेर विश्वासू व्यक्तीकडे ठेवा. त्या व्यक्तीशी एक साधा शब्द ठरवून ठेवा, जो ऐकताच ती पोलिसांना बोलावील. आणि तो पुन्हा गळ्याकडे आला, तर त्या रात्री त्या घरात थांबू नका.

प्रश्न : माझ्या जिवलग मित्राचा घटस्फोट झाला, पाठोपाठ नोकरी गेली. पूर्वी तो गप्पिष्ट होता. आता फोन उचलत नाही, दारू वाढली आहे, क्षुल्लक गोष्टींवरून खेकसतो. परवा त्याने आपला आवडता कॅमेरा मला देऊन टाकला. ‘बरा आहेस ना?’ असे विचारले की ‘मस्त’ म्हणतो. मी काय करू? भलतेच काही विचारून त्याच्या डोक्यात नसलेले भरवून देईन, अशी भीती वाटते.

उत्तर : आजच भेटायला जा, हे वाचून झाल्यावर लगेच. कॅमेरा देऊन टाकणे ही साधी गोष्ट नाही. प्रिय वस्तू वाटून टाकणे ही निरोपाची खूण असू शकते.

तुमच्या भीतीचे उत्तर आधी देते. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटले, असे अनेक जण सांगतात. ‘बरा आहेस ना’ या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले आहे. त्याऐवजी जे दिसले ते मांडा : ‘तू फोन उचलत नाहीस, कॅमेरा देऊन टाकलास, मला काळजी वाटते आहे. जीव द्यावा असे मनात येते का?’ आणि मग गप्प राहा. हा गप्प राहण्याचा काळ लांबल्यासारखा वाटतो, पण तो भरून काढू नका. पुरुषांना पुष्कळदा समोरासमोर बसून बोलणे अवघड जाते. शेजारी शेजारी चालताना किंवा दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असताना जीभ सैल होते. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘मेन्स शेड’ या कार्यशाळा याच जाणिवेवर उभ्या आहेत : माणसे लाकूडकाम करायला जमतात, आणि रंधा चालवता चालवता मनातले बोलतात.

तो ‘हो’ म्हणाला, तर कसे आणि कधी याचा विचार केला आहे का, हे विचारा. ठरवलेले असेल तर त्याला एकटे सोडू नका, ज्या साधनाचा तो विचार करत आहे ते त्याच्या हाताशी राहणार नाही असे पाहा, आणि त्याला घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ घालू लागला तर ती घेऊ नका. ‘असे किती जण भोगतात’, ‘खंबीर हो’ ही वाक्ये तर कटाक्षाने टाळा, कारण खंबीर राहूनच तो येथवर आला आहे.

त्याच्या खेकसण्याने दुखावू नका. पुरुषांचे नैराश्य रडण्यातून दिसण्याऐवजी चिडचिड, दारू, बेफिकीर वाहन चालवणे, रात्रंदिवस काम यांतून दिसते, म्हणून ते डॉक्टरांच्याही नजरेतून निसटते. स्वीडनमधील गोटलंड बेटावर १९८०च्या दशकात तेथील डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतर स्त्रियांच्या आत्महत्या घटल्या, पुरुषांच्या मात्र जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. एक तर ते पुरुष डॉक्टरांकडे आलेच नव्हते, आणि आले तेव्हा त्यांची लक्षणे पुस्तकातल्या लक्षणांशी जुळत नव्हती. या अनुभवातूनच पुरुषांच्या नैराश्यासाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली. जगात दरवर्षी ७,००,००० हून अधिक माणसे आत्महत्येने मरण पावतात, आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे. तुमचा मित्र त्यांत जाऊ नये यासाठी करता येण्याजोगी पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. आमच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीचे खासगी फोटो टाकले. सगळे हसले. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर मलाच ‘बायल्या’ म्हटले असते. तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते.

उत्तर : तुला लाज वाटते, याचा अर्थ तुझे आतले माप बरोबर आहे. अजून वेळ गेलेली नाही. सगळ्यांसमोर भाषण देण्याची गरज नाही. ज्याने फोटो टाकले त्याला एकट्याला गाठ आणि सांग : ‘ते काढून टाक. तिच्या परवानगीशिवाय ते दाखवणे गुन्हा ठरू शकतो, आणि मला ते आवडलेले नाही.’ ते फोटो कोणालाही पुढे पाठवू नकोस, पुरावा म्हणून स्वतःच्या फोनमध्येही ठेवू नकोस. तुझा विश्वास असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला सांग, म्हणजे त्या मुलीपर्यंत मदत पोहोचेल. हसणाऱ्यांपैकी दोघे-तिघे तुझ्यासारखेच मनातून अवघडलेले असतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. प्रत्येकाला वाटते, आपण सोडून बाकी सगळ्यांना हे चालते. एकाने तोंड उघडले की बाकीच्यांना धीर येतो.

तुमच्या शाळेत किंवा मैदानावर एखादे चांगले प्रशिक्षक असतील तर त्यांच्या कानावर एक गोष्ट घाल. अमेरिकेत सॅक्रॅमेंटो येथील १६ माध्यमिक शाळांमध्ये खेळांच्या प्रशिक्षकांनी हंगामभर, आठवड्यातून एकदा, १०–१५ मिनिटे मुलींशी कसे वागावे याविषयी मुलांशी बोलायचे, असा उपक्रम केला गेला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मुलांमध्ये मित्राचे वाईट वागणे पाहून मध्ये पडण्याची तयारी वाढली, आणि वर्षभरानंतर पाहिले तेव्हा मैत्रिणीशी हिंसक वागणेही इतर शाळांतील मुलांपेक्षा कमी होते. ज्याच्यासारखे व्हावेसे वाटते, त्याने बोललेले मुलांच्या मनात राहते.

प्रश्न : हल्ली सतत ‘विषारी पुरुषत्व’ हा शब्द ऐकू येतो. पुरुष असणे हाच दोष आहे का?

उत्तर : नाही. मी स्वतः तो शब्द वापरत नाही, कारण तो ऐकून एकही पुरुष माझ्या खोलीत आलेला नाही, पुष्कळ जण दारातूनच परत गेले. संकटात उभे राहणे, शब्द पाळणे, आपल्या माणसांसाठी झिजणे हे गुण कोणी टाकून द्यावेत असे मला वाटत नाही. दोष आहे तो ‘कधी हरायचे नाही, कधी विचारायचे नाही, घरातल्यांनी ऐकलेच पाहिजे’ या नियमांत, आणि त्यांची किंमत पुरुषही मोजतात : संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ मधील अहवालानुसार जगभरात खून होणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के पुरुषच असतात आणि खुनाच्या संशयितांतील सुमारे ९० टक्केही पुरुषच. घरात जोडीदाराच्या हातून मरणाऱ्यांत मात्र बहुसंख्य स्त्रिया असतात. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, निवृत्त. मुलाला शिस्त लावली, शिकवले, कशाला कमी पडू दिले नाही. पण त्याला कधी जवळ घेतले नाही, चुकला की पट्ट्याने मारले. आता त्याला मुलगा झाला आहे. तो बाळाला छातीशी धरून तासन्‌तास फिरवतो. ते पाहताना माझ्या पोटात तुटते. इतक्या उशिरा त्याच्याशी काय बोलू?

उत्तर : काका, तुमचे पत्र मी तीनदा वाचले. वर उल्लेख केलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासातच आणखी एक गोष्ट आढळली होती : ज्यांना लहानपणी वडिलांची माया मिळाल्याचे मनापासून वाटत होते, त्या पुरुषांकडून पुढे जोडीदारावर हिंसा होण्याची शक्यता ४८ टक्क्यांनी कमी होती. तुमचा मुलगा आपल्या बाळाला छातीशी धरतो तेव्हा तो काय पेरतो आहे, ते यावरून दिसेल. आणि त्याला जे मिळाले नाही ते देण्यासाठी त्याला किती कष्ट पडत असतील, तेही.

त्याच्याशी बोला, पण समजावून सांगायला जाऊ नका. ‘त्या काळी सगळेच मारायचे’ हे खरे असले तरी त्या दिवशी म्हणू नका. ‘मी तुला पट्ट्याने मारायचो. तुला किती भीती वाटत असेल, याचा मी कधी विचार केला नाही. मी चुकलो’ एवढी तीन वाक्ये पुरतात. तो कदाचित काहीच बोलणार नाही. कदाचित चिडेल, जुने प्रसंग काढेल, तुम्हाला आठवत नसलेलेही. तेव्हा ‘असे झालेच नव्हते’ म्हणू नका, ऐकून घ्या. क्षमा अशा रीतीने मागू नका की ती त्याला लगेच द्यावी लागेल.

आणखी एक. बाळ पहिल्या वर्षात असताना वडिलांनाही नैराश्य येते. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हे प्रमाण सुमारे १० टक्के निघाले. तुमचा मुलगा रात्र रात्र जागा असेल आणि कोणी त्याला ‘तू कसा आहेस’ असे विचारले नसेल. पुढच्या वेळी तो बाळाला घेऊन फिरत असेल तेव्हा म्हणा, ‘तू जरा झोप, मी घेतो.’ बाळ कसे धरायचे हे तुम्हाला कधी शिकायला मिळाले नसेल, तर त्यालाच विचारा. मानेखाली हात कसा द्यायचा ते तो दाखवील.